धोतराला मज्जाव

"धोती नहीं चलेगी, बाबू. ऊपर का हुकुम है." क्लबाच्या दरवानाने निवारणबाबूंच्या छातीपुढे हात आडवा धरला, आणि दिगंबर मोघे लगबगीने पुढे झाले.

निवारणबाबू कलकत्त्यात बेहालाच्या शाळेत गणित शिकवत. आजच्यासाठी त्यांनी धोतराला खास इस्त्री केली होती, पगार कापून रजा घेतली होती. त्यांची विमा कंपनी गेल्या साली बुडाली आणि तरुणपणापासून भरलेले हप्ते तिच्याबरोबर तळाला गेले. विम्याचा कायदा सुधारायला दिल्लीहून समिती आली होती. ती हप्ते भरणाऱ्यांचंही ऐकणार होती. त्यांना बोलावणारी पत्रं समितीचे इथले कारकून म्हणून मोघ्यांनीच लिहिली होती. बैठक मात्र समितीच्या साहेबांनी इंग्रजांच्या वेळच्या या क्लबात ठेवली. तिथलं जेवण चांगलं म्हणे. मोघे तिथे याआधी एकदाच गेले होते, तेही कचेरीतून थेट, पाटलोणीत. धोतराला मज्जाव असेल हे साताऱ्याच्या माणसाच्या ध्यानीमनी कुठून येणार!

फाटकाशी आता बरीच मंडळी जमली होती. छापखान्यात खिळे जुळवणारे, सियालदहच्या बाजारातले मुनीम. सगळे धोतरात.

"तुम्हीच म्हणालात ना, या आणि बोला?" निवारणबाबू बंगालीत म्हणाले. "स्वराज्य काय पॅंट घालून आलंय, दिगंबरबाबू?"

"जरा थांबा. मी साहेबांशी बोलतो."

आत कंपन्यांच्या संचालकांची साक्ष संपून पुडिंग चाललं होतं. समितीचे प्रमुख श्यामराव राजाध्यक्ष तोंड पुसत होते. मराठी माणूस, आपलं ऐकेल, असं मोघ्यांना वाटलं.

"साहेब, हप्ते भरणारे फाटकावर अडकलेत. धोतरामुळे."

"अहो मोघे, पाटलोण घालून या म्हणून कळवायचं नाही का?"

"मलाच ठाऊक नव्हतं, साहेब. आपण फाटकाबाहेर झाडाखाली बसू या का? खुर्च्या मी उचलतो."

"रस्त्यावर? वेड लागलंय का तुम्हाला? संध्याकाळची गाडी आहे आमची." श्यामरावांनी घड्याळ पाहिलं. "चला, लिहा. हप्ते भरणाऱ्यांना पूर्ण संधी दिली. कोणीही हजर राहिलं नाही."

मोघ्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हजर राहिलं नाही! पण त्यांच्या पुण्याच्या बदलीचा अर्ज याच माणसाच्या शिफारशीवाचून अडला होता. घरी वृंदा त्या बदलीकडे डोळे लावून बसली होती. मुलं आपसांत बंगालीतच भांडतात, याचा तिने धसका घेतला होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मोघ्यांनी टाक उचलला.

खिडकीतून फाटक दिसत होतं. माणसं पांगायला लागली होती. निवारणबाबू अजून उभे होते. मग त्यांनी एकदा क्लबाकडे पाहिलं, छत्री उघडली आणि ते ट्रॅमच्या रस्त्याला लागले. मागे वळून काही पाहिलं नाही.

मोघ्यांनी टाक खाली ठेवला. ते उठले, आणि सकाळपासून संचालक बसत होते त्या साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसले.

"हे काय, मोघे?"

"मी हप्ता भरतो, साहेब. पाटलोणही घातली आहे. मी हजर आहे. मला विचारा."

श्यामरावांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. तेव्हा मोघे आपले आपणच बोलू लागले. मोडक्या इंग्रजीत, घाम पुसत. कंपनी बुडाली तर सगळ्यांत आधी हप्ते भरणाऱ्यांचे पैसे द्या, एवढं कायद्यात घाला, असं त्यांनी सांगितलं. निवारणबाबूंचं सांगितलं, छापखान्यातल्या माणसांचं सांगितलं. एका सभासदाने मानसुद्धा हलवली.

पलीकडच्या टेबलावर टाक आणि कोरा कागद तसाच पडून होता. समितीचं लिहून घेणारा दुसरा माणूस त्या खोलीत नव्हता.