सायकलवालीने उघडलेलं चाक

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. माझ्या पाठीचं कापड दोनदा बदललंय, आणि डाव्या दांड्यावर कुणा आजोबांच्या अंगठीचा ओरखडा आहे. तो मी दागिन्यासारखा मिरवते.

मित्रांनो, एका कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून मला घडवलं आणि तिथून मी थेट एका महिला मंडळात आले. या मंडळातल्या बायका आजारी माणसांना पलंग, कुबड्या, खुर्च्या फुकट वापरायला देतात. दहा वर्षं मी घरोघर फिरले. मी दारात दिसले की घरातले म्हणायचे, "आली बाई एकदाची!" मग माझं उजवं चाक कुरकुरू लागलं, अडू लागलं. मला मंडळाच्या खोलीत दारामागे ढकललं आणि माझ्यावर जुन्या चादरींचा ढीग रचला. माणसं बसवणारी मी, आता मांडणी झाले.

त्याच सुमारास मंडळात एक नवी सभासद आली. वडिलांच्या माघारी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान ती एकटी चालवायची, म्हणून सगळ्या तिला सायकलवाली म्हणत. पहिले चार महिने तिच्या वाट्याला चहा आणि चादरींच्या घड्या एवढंच काम आलं. बैठकीत ती मूग गिळून बसायची. घड्या माझ्यावर ठेवताना मात्र माझं चाक हळूच फिरवून कान देऊन ऐकायची.

एक दिवस एक सून व्हीलचेअर मागायला आली. तिच्या सासूबाईंनी उभा जन्म बस चालवली होती. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांनी अंथरूण धरलं.

"सगळ्या खुर्च्या बाहेर गेल्यात," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ही आहे की," सायकलवाली पहिल्यांदाच बोलली.

"अगं, ती भंगारात द्यायचीय."

"मला एक दिवस द्या, बाई. नाही चालली तर मीच भंगारात नेऊन टाकते."

दुकानात तिने माझं चाक उघडलं. आतून केसांचा, दोऱ्यांचा हा एवढा गुंता निघाला! तिने झिजलेले छर्रे बदलले, वंगण भरलं, ब्रेकला नवं रबर लावलं. संध्याकाळी तिने एका बोटाने ढकललं, तर मी थेट रस्त्यावर!

पण सुनेच्या घरी सासूबाईंनी, म्हणजे ड्रायव्हरबाईंनी, मला पाहून तोंड फिरवलं. "पन्नास माणसं बसवून गाडी हाकलीय मी. आता मला कुणी ढकलायचं?"

सायकलवालीने मनधरणी केली नाही. मला पलंगाशेजारी ठेवून ती गेली. दर आठवड्याला यायची, तेल घालायची, जायची. तिसऱ्या खेपेला पलंगावरून प्रश्न आला, "ब्रेक कसे आहेत गं हिचे?"

"माझ्या मते चांगले आहेत. तुम्ही तपासा, मावशी."

ड्रायव्हरबाईंनी डाव्या हाताने ब्रेक ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मग सुनेला म्हणाल्या, "बसव मला." दारापर्यंत जाताच त्यांनी हुकूम सोडला, "थांब! गाडी डावीकडे ओढतेय."

खरंच ओढत होती. सायकलवालीने तिथेच फतकल मारून चाक सरळ केलं. मग आम्ही रस्त्याला लागलो. "हळू घे. खड्डा आहे. आता वळव," ड्रायव्हरबाई सांगत होत्या आणि सायकलवाली हसत वळवत होती. कोपऱ्यावर भाजीवाल्याने हात केला, "बाई, किती दिवसांनी!" तेव्हा त्यांची पाठ माझ्या पाठीपासून सुटून ताठ झाली. ते मला अजून जाणवतं.

वर्षअखेरच्या सभेत अध्यक्षबाई सायकलवालीला म्हणाल्या, "साहित्याची जबाबदारी आता तुझी."

"घेते, पण एकटी नाही," ती ठणकावून म्हणाली. "प्रत्येकीने पाना धरायला शिकायचं. अध्यक्षबाईंनीसुद्धा."

हशा पिकला. पुढच्याच रविवारी अध्यक्षबाई पदर खोचून माझ्या चाकाशी बसल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

मित्रांनो, मी आज पुन्हा कामावर आहे. एवढंच मागते: अडलेली वस्तू टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि तुमच्यात कुणी नवीन आलं, तर चहाचं आधण ठेवायला सांगण्याआधी विचारा, "तुला काय येतं गं?" उत्तर ऐकायला थोडं थांबा.