लाउस्टचा प्रश्न

टीराने पालथा पत्ता सुलटा केला. चित्रात घर होतं. तिने रेडिओवरच्या बातम्यांसारखं बिनचूक उत्तर दिलं, आणि समोर बसलेल्या सिग्नेचा चेहरा पुन्हा उतरला.

सिग्ने विद्यापीठातून पश्चिम युलंडची बोली ध्वनिमुद्रित करायला आली होती. कुठलंही घर नव्हे, तेच घर, हे सांगणारा इवलासा आवाज बाकीचं डेन्मार्क शब्दाच्या शेपटीला जोडतं. या किनाऱ्यावर तो शब्दाच्या आधी येतो. तो टीराच्या तोंडून आपसूक यायला हवा होता. सुचवायची सिग्नेला मुभा नव्हती.

"टीरा, घरात बोलता तसंच बोला ना."

"घरात? कोणाशी?"

टीराने सिग्नेच्या कपात न विचारता कॉफी ओतली. नवरा, लाउस्ट, जाऊन आठ महिने झाले होते. मुलगा कोपनहेगनहून फोन करायचा, तो शहरी भाषेत. पाहुण्यांशी शाळेतली भाषा बोलायची, हे तर हाडीमाशी खिळलेलं. एकटीने दोनदा मोठ्याने बोलून पाहिलं, तर पाठ केल्यासारखं वाटलं. लाउस्टबरोबर आपली बोलीही गेली की काय, ही धास्ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

सिग्ने जरा घुटमळली. "आमच्या संग्रहात एक फीत सापडली. एकाहत्तर सालची. लाउस्टची आहे. ऐकवू?"

टीराने मान हलवली.

वाम मासे पकडायचे सापळे कसे विणतात ते लाउस्ट सांगू लागला. चाळिशीतला, घाईघाईचा आवाज. मागे झाकण पडलं, ते टीराच्याच हातून. त्या दिवशी ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी तिला स्वयंपाकघरात बसवलं होतं. मध्ये बोलायचं नाही, अशी ताकीद देऊन.

"टीरा गं," फितीतल्या लाउस्टने हाक मारली, "आपली व्हडी कुठल्या साली फुटली?"

पुढे नुसती खरखर. तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"एकोणसाठ," टीरा म्हणाली. "आन् फुटली न्हाई, तूच धक्क्यावर आपटलीस. व्हडीला कशाला बोल लावतोस?"

सिग्नेची पेन्सिल वहीवर तशीच राहिली. लाउस्ट पुन्हा सापळ्यांकडे वळला होता.

"जरा मागं घे गं पोरी," टीरा म्हणाली. "माझं पुरं व्हायच्या आत पुढं गेला बघ."