अंगणातला ठिपका

"चिन्मय, तुझं घर समुद्रात आहे," रुचिरा सामोशाचा कोपरा मोडत म्हणाली.

चिन्मय नुकताच दिल्लीतल्या मुनिरकाहून मेट्रोने पोचला होता. बॅग पाठीवर तशीच. नोएडाच्या त्या ऑफिसात सातव्या मजल्यावर बसून सगळे जण उपग्रहाच्या फोटोंवर किनाऱ्याची रेषा काढायचे. गेल्या वर्षी समुद्र कुठे होता, यंदा कुठे आला. इमारतीत पिण्याचं पाणी टँकरने यायचं आणि खरा समुद्र इतका लांब होता, की रेषा चुकली तरी ऑफिसात कुणाचे पाय भिजत नसत.

काम उघडण्याआधी प्रत्येकाने आपापलं घर बघायचं, अशी तिथे रीत पडली होती. रुचिरा कोथरूडची सोसायटी बघायची, नरसिंह सर विशाखापट्टणमचा फ्लॅट. घर जागेवर असलं की चहा. चिन्मयला उशीर झाला, म्हणून त्याची हजेरी रुचिराने घेतली. कोंडसरी, कोकण. गैरहजर.

कच्ची रेषा मशीन काढायचं, माणसं ती दुरुस्त करायची. मशीनने पाणी निळं रंगवलं होतं आणि त्या निळ्यात चार ठिपके असे होते, जे चिन्मय चार वर्षं रोज सकाळी बघत होता. त्यांत आई, बाबा, पडवी आणि एक मांजर राहायचं.

"टाइड होगा," नरसिंह सर मागून म्हणाले. "पूर्णिमा की इमेज है."

"सर, टाइड में घर नहीं डूबता."

"हाँ, वो भी है," सर म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. ते कधी कुणामागे असे उभे राहत नसत. चिन्मयला त्याचीच जास्त भीती वाटली.

बाबांचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. घरासमोर समुद्र असूनही चिन्मयला पोहता येत नव्हतं. लहानपणी बाबा म्हणायचे, "समुद्र कुठे जातोय पळून? शिक नंतर." तो खरंच कुठे पळून गेला नव्हता. उलट आला होता.

तिसऱ्यांदा आईने उचलला. "काय रे? भाकऱ्या टाकतेय."

"आई, कुठे आहेस तू?"

"चुलीपाशी. अजून कुठे असणार?"

"घरात पाणी आलंय का?"

"नळाला ना? सकाळीच येऊन गेलं."

चिन्मय खुर्चीत बसला. मग नीट विचारलं. "आई, घरावर काही निळं आहे का?"

"ताडपत्री घातलीय यांनी. नवीकोरी. तुला कुणी सांगितलं?"

"अरे यार!" फोनला कान लावून बसलेली रुचिरा ओरडली. "मशीनला ताडपत्री समुद्र वाटली!" नरसिंह सरांनी अख्ख्या मजल्याला ही गोष्ट ऐकवली. मजला हसला. चिन्मयही हसला, जरा जास्तच वेळ. मग त्याचं हसू थांबलं.

"आई, जानेवारीत ताडपत्री?"

"अरे, लाटांचे तुषार येतात. खाऱ्या पाण्याने कौलं जातात."

"तुषार कौलांपर्यंत येतात?"

"भरतीला येतात कधीकधी."

"तुळस कुठेय?"

"मागच्या दारी नेली. पुढे जगेना." मग घाईघाईने, "भाकरी करपली बघ. यांच्याशी बोल."

बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. फोनवरही ते मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असंच बोलायचे. "काय साहेब, वरून कसं दिसतं आमचं घर?"

"बाबा, दिल्लीला या. दोघं. आजच निघा."

"तिथे पाणी टँकरने येतं म्हणालास. इथे दारात येतं."

"मस्करी नका करू ना."

"मी कुठे करतोय?" बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पुन्हा कधी येणार तुझा उपग्रह?"

"अमावास्येला. सकाळी अकराच्या सुमारास."

"भरतीच असेल. अंगणात उभा राहतो मी. दिसेन ना?"

एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. त्यात माणूस दिसत नाही, म्हैसही दिसत नाही. एसटी उभी केली, तर कदाचित शंका येईल. "दिसाल," चिन्मय म्हणाला.

नरसिंह सरांनीही सांगितलं, एका फोटोवर रेषा काढायची नाही, अमावास्येचा येऊ दे. जिथवर भरतीचं पाणी पोचतं, तिथे रेषा. नियम साधा होता. चिन्मयने तो नव्या पोरांना किती वेळा शिकवला होता.

अमावास्या झाली, तिचा फोटो दुसऱ्या दिवशी आला. मशीनने घर पुन्हा समुद्रात टाकलं होतं. चिन्मयने ते गुपचूप बाहेर काढलं. रंगाखालच्या मूळ फोटोत चारही ठिपके ताडपत्रीचे होते, निळेशार. घर होतं. त्याने श्वास सोडला.

मग घरासमोरचा ठिपका पाहिला. कोरडी वाळू पांढरी दिसते, पाण्याखालची काळी. हा काळा होता.

रुचिराचं चावणं थांबलं. "ढगाची सावली असेल."

"ढग कुठेय?"

तिने पूर्ण फोटो धुंडाळला. ढग नव्हता. तिने सामोसा कागदात गुंडाळून ठेवला.

चिन्मयने फोन लावला. "बाबा, काल उभे होतात?"

"होतो की! हातपण हलवला. आई हसत होती. दिसलो?"

"दिसलात. नक्की कुठे उभे होतात?"

"अंगणात. तुळशीच्या जागेवर."

"कोरडं होतं ना?"

बाबांच्या मागे लाट फुटल्याचा आवाज आला. पूर्वी फोनवर कधी लाट ऐकू आली नव्हती.

"चपला हातात घेतल्या होत्या," बाबा म्हणाले.

"तिकिटं काढतो, बाबा."

"काढ." मग बाबांचा आवाज जुना झाला, भरलेल्या गाडीत खांबाला टेकून उभा असलेला. "दोन फुल."

चिन्मयने फोन खाली ठेवला. मशीनची रेषा पुसली आणि माउस धरून स्वतःची काढायला घेतली. खाडीपासून उत्तरेला, बंदरावरून, शाळेच्या कुंपणाबाहेरून. अंगणापाशी त्याचा हात थांबला. मग हळूच, धक्का लागणार नाही अशी, त्याने रेषा बाबांच्या पाठीमागून, घराच्या पायरीलगत नेली.