ओंडक्याची राखणदार

मी एक जुनी बॅडमिंटनची रॅकेट आहे. हसू नका, मित्रांनो! मधमाश्यांच्या राखणीशी माझा काय संबंध, असं तुम्हांला वाटलं असेल. पण पावसाळा सरल्यावर जपानमधल्या आमच्या त्सुशिमा बेटावर या. मधमाश्या पाळणाऱ्या कितीतरी घरांमागे माझ्या बहिणी खुंटीला टांगलेल्या दिसतील.

मला आणलं होतं या घरच्या लेकीसाठी, मिझुएसाठी. शाळेच्या मैदानावर तिनं मला खूप मिरवलं, स्पर्धा जिंकली त्या दिवशी तर उशाशी घेऊन झोपली. पुढे ती नोकरीसाठी फुकुओकाला गेली आणि मी पडवीत मासेमारीच्या जाळ्यांखाली धूळ खात पडले. उंदरांनी माझे दोरे कुरतडले. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मिझुएच्या घरामागे, कड्याच्या आडोशाला, आतून पोखरलेला एक ओंडका उभा आहे. त्यावर पत्रा, पत्र्यावर धोंडा. हेच मधमाश्यांचं घर. मागे साथ आली आणि त्यातल्या सगळ्या माश्या मेल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं ओंडका रिकामाच होता. तरी मिझुएची आई, सुएनोकाकू, दर वसंतात तो आतून साफ करायच्या आणि मेण चोळून ठेवायच्या.

"पाहुण्यांचा पत्ता नाही आणि ही बाई अंथरूण घालून बसते!" तिचे वडील, तोकुझोकाका, चिडवायचे. त्यांचा जन्म समुद्रात म्हाकुळं धरण्यात गेलेला.

"तुम्ही रिकामी होडी घेऊन परत यायचात, तेव्हा मी काही बोलायची का?" काकू म्हणायच्या.

आणि या वसंतात पाहुणे आले! माश्यांचा अख्खा थवा घोंघावत ओंडक्यात शिरला. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. काका मात्र हळूच आत जाऊन तांदळाची दारू घेऊन आले.

पण थंडीची चाहूल लागली तशा अंगठ्याएवढ्या गांधीलमाश्या हिंडू लागल्या. खालच्या वाडीतलं एक पोळं त्यांनी एका दुपारीत फस्त केलं. ते ऐकून काकूंना घास गोड लागेना. तेव्हा काकांना माझी आठवण झाली. त्यांनी मासे धरायची तंगूस घेऊन मला नव्यानं विणलं. पहिली गांधीलमाशी फटकन खाली पडली तेव्हा माझा आनंद गगनात मावेना! रोज काका ओंडक्याजवळ बसायचे आणि आम्ही दोघं पहारा द्यायचो.

एके दिवशी काका चहा प्यायला गेले आणि परत येऊन बघतात तो ओंडक्याच्या दाराशी काहीतरी काळं, मुठीएवढं वळवळत होतं.

"मेल्या, तुझ्या नानाची टांग!" काकांनी मला डोक्यावर उगारलं.

"अहो, थांबा! हात आवरा!" काकू अनवाणीच धावत आल्या. "चष्मा कुठाय तुमचा? त्या आपल्याच माश्या आहेत!"

काकांचा हात वरच राहिला. खरंच, तो मधमाश्यांचा गोळा होता! एक गांधीलमाशी दाराशी आली होती आणि शेकडो माश्यांनी तिला चहूबाजूंनी घेरलं होतं. डंख नाही, चावे नाहीत. नुसतं अंग थरथरवून त्या ऊब वाढवत होत्या.

"हिला उकडून मारतायत," काकू कुजबुजल्या. "बघत राहा."

"आणि त्या स्वतः नाही भाजत?"

"हिच्यापेक्षा थोडी जास्त ऊब सोसतात. तेवढ्यावरच तर जिंकतात."

बराच वेळ गेला. मग गोळा हळूहळू सुटला आणि मेलेली गांधीलमाशी खाली पडली. तिच्याबरोबर पाच-सहा मधमाश्याही निपचित पडल्या. काकूंनी त्या एकेक करून तळहातावर घेतल्या आणि फुललेल्या रानटी झुडपाखाली ठेवल्या.

मित्रांनो, मी स्वतःला मोठी शूर समजत होते. पण त्या इवल्याशा जिवांपुढे मी मनोमन हात जोडले. माझा तो फटका बसला असता, तर इतक्या वर्षांनी भरलेलं घर आमच्याच हातून मोडलं असतं. मधमाश्यांची राखण जरूर करा, त्यांच्या मदतीला धावाही. पण हात उगारण्याआधी नीट बघा.

काका अजूनही पहाऱ्याला बसतात. उडत्या गांधीलमाशीला मी सोडत नाही. पण दाराशी गोळा झाला की ते मला मांडीवर आडवी ठेवतात, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतात आणि हाक मारतात, "अगं, लवकर ये! आपल्या पोरी कामाला लागल्यात!"