खोडलेल्या ओळींखालचे ठिपके

पुतणीच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. तिच्या शहरावर तेव्हा वर्षभरापासून बॉम्ब पडत होते. तिनं लिहिलं होतं, ‘काका, मला दिवस गेलेत. शेजारची दोन्ही मुलं गेल्या आठवड्यात गेली, आणि मी आरशात पोट बघून हसते. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. असं हसणं चूक आहे का?’

चाळीस वर्षं मी वर्तमानपत्रात प्रुफं तपासली. पत्र वाचताना हात सवयीनं तांबड्या पेनाकडे गेला आणि तिच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका मी सुधारल्या. मजकूर डोक्यात शिरला तो त्यानंतर. मेलेल्यांच्या याद्याही मी अशाच वाचत आलो, आडनाव बरोबर आहे ना, एवढंच बघत. असल्या माणसानं तिला काय सांगायचं?

‘फार आनंद झाला,’ असं लिहिलं. शेजारची मुलं आठवली, खोडलं. ‘आता जगात मूल येतंय याची भीती वाटते,’ असं लिहिलं. पण हे पोटुशीला कसं सांगायचं? तेही खोडलं. कागद टेबलावरच राहिला.

बायको म्हणाली, “अहो, तुमचं उत्तर पोचेपर्यंत ते पोर कॉलेजात जाईल.” मग हळूच म्हणाली, “वाचलं तर.” आणि आपल्याच बोलण्याला घाबरून आत निघून गेली.

एव्हाना पुतणी बाळंत झाली असेल. किंवा नसेल.

आज सकाळच्या पेपरात तिच्याच वस्तीचं नाव होतं. मी तो खोडाखोडीचा कागद पुढे ओढला. प्रुफात खोडलेलं परत ठेवायचं असलं की त्याखाली ठिपके देतात. मी दोन्ही ओळींखाली ठिपके दिले आणि समासात लिहिलं, ‘ठिपके दिलेलं सगळं ठेवायचं. यातलं काहीच मला खोटं ठरवता येत नाही. तुझं हसणं चूक नव्हतं. पुढे बरं होईल असं मात्र मला वाटत नाही. उत्तराला उशीर झाला, ती चूक माझी.’

स्वच्छ प्रत काढली नाही. काढायला बसलो असतो तर पुन्हा खोडलं असतं.

टपाल कचेरीतल्या कारकुनानं पत्ता पाहिला. “आजोबा, तिकडची डाक महिन्यापासून बंद आहे. हे इथंच पोत्यात पडून राहणार.”

“सुरू कधी होईल?”

“मला विचारताय होय! मी तिकिटं विकतो.”

“मग एक द्या.”

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तिकीट दिलं. मी ते लावलं आणि पाकीट पेटीत टाकलं.