पाय नसलेली म्हैस

वाशिमच्या डॉक्टरांनी सुकेशनीच्या घशात नळी घालून पाहिलं, पडद्यावर तिला तिच्याच आवाजाच्या दोन पट्ट्या दाखवल्या आणि म्हणाले, "गाठी धरल्यात. आता बोलणं बंद. कुजबुजणं तर त्याहून वाईट, तेही नको. महिना-दीड महिना अगदी मुकं राहायचं. मग बघू ऑपरेशन लागतं का ते."

सुकेशनी एसटीत कंडक्टर होती. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्या नुसत्या उतू जात होत्या. "मांगं सरका, मांगं सरका" असं दिवसभर ओरडायचं, रात्री हळदीचं दूध प्यायचं, सकाळी पुन्हा ओरडायचं, असा तिचा क्रम होता. शेवटी मालेगावच्या स्टँडवर एक दिवस तिनं गाडीचं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

दवाखान्यातून मेडशीला परतताना ती प्रवासी म्हणून गाडीत बसली, खिडकीशी. इतकी वर्षं याच रस्त्यानं ती उभ्यानं आली-गेली होती, पण रस्ता असा कधी पाहिलाच नव्हता. तूर फुलली होती. पिवळं रान खिडकीतून सरकत होतं, हिवाळ्यातलं ऊन मांडीवर येऊन बसत होतं. गावाच्या अलीकडच्या तलावात म्हशी बसल्या होत्या. अंग सगळं पाण्यात, वर फक्त काळ्या पाठी आणि वर केलेली तोंडं. जणू तलावानंच स्वप्नात त्या घडवल्या असाव्यात आणि जाग येताच परत आत घेणार असाव्यात. गाडी पुढे गेली तरी सुकेशनी मागे वळून पाहत राहिली.

घरी नवरा देवानंद आणि सासू लिलाबाई. देवानंदचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं फाट्यावर. त्यानं डॉक्टरांचं म्हणणं फोनवर ऐकून घेतलं आणि पाटी-खडू आणून ठेवला. शेजारपाजारच्या बायका भेटायला आल्या त्या मात्र मोठमोठ्यानं बोलू लागल्या. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं त्या धरूनच चालल्या होत्या. सुकेशनी हसायची. हसणंही बिनआवाजाचं.

पहिले दिवस फार लांब गेले. तोंडाला काम नाही तर हातांनाही चैन पडेना. तिकिटाच्या मशीनवर बोटं चालायची सवय. ती बोटं आता बसल्या जागी गुडघ्यावर चालायची. एका दुपारी अंगणातल्या कडुलिंबाची वाळकी फांदी पडली होती, ती तिनं उचलली आणि भाजीच्या चाकूनं सोलू लागली. साल निघाली. आतून पिवळसर लाकूड उघडं पडलं. त्यावरून पातं फिरवलं तशी एक पातळ ढलपी निघाली, गोल वळली आणि मांडीवर पडली. सुकेशनीनं ती नाकाशी धरली. कडवट, उन्हाचा वास. तिनं दुसरी काढली, तिसरी काढली. मान वर केली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि विहारातून संध्याकाळची वंदना ऐकू येत होती.

"काय करून राह्यली वं?" लिलाबाईनं विचारलं.

सुकेशनीनं खांदे उडवले. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

रात्री स्वप्नात तिला त्या म्हशी दिसल्या. पण त्या लाकडाच्या होत्या आणि तिच्या तळहातावर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ती नादाला लागली. सरपणातला बाभळीचा तुकडा घेतला. तो दगडासारखा. चाकू त्यावरून घसरला आणि अंगठ्यात गेला. मग शेजाऱ्यानं नुकतीच छाटलेली लिंबाची ओली फांदी आणली. ती लोण्यासारखी कापली जाऊ लागली. म्हशीला हात घालायचं धाडस होईना, म्हणून दोन दिवसांत तिनं हरणाचं डोकं, मान, पाठ काढली आणि वाळायला म्हणून उन्हात ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर हरीण मानेपासून शेपटीपर्यंत उभं चिरलं होतं.

देवानंदनं ते दोन्ही हातांत धरून पाहिलं. तो हसला नाही. पाटी पुढे करून म्हणाला, "तुले हे खरंच करायचं हाय का?"

तिनं पाटीवर लिहिलं, 'हो.' आणि मग त्याखाली एक रेघ ओढली.

रविवारी त्यानं तिला मोटारसायकलवर मालेगावला नेलं, रामकिसन सुताराकडे. रामकिसनचं दुकान आरागिरणीला लागून होतं. आत भुशाचा इतका बारीक धुरळा तरंगत होता की उन्हाची तिरीप हातात धरता येईल असं वाटे. रामकिसन बोलघेवडा माणूस. समोरची बाई बोलणार नाही म्हटल्यावर त्याला आणखीनच उत्साह आला.

"कंडक्टर बाई, सागवानाच्या नादी लागू नोका. महाग हाय अन् नवीन हाताले जड जाते. बाभूळ बैलगाडीले बरी. पांगारा मऊ, पण लय भुसभुशीत, नाक-डोये धरत नाई." त्यानं कोपऱ्यातून तुकडे काढून बाकावर मांडले. "हे शिवणीचं लाकूड. नख लावून पाहा."

सुकेशनीनं नख दाबलं. फिकट, साईच्या रंगाच्या लाकडावर चंद्राच्या कोरीसारखी खूण उमटली.

"आता वाजवून पाहा. ओलं लाकूड मुकं राह्यते." बोलून गेल्यावर त्याला उमगलं, तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्हणजे, बाई, तसं नाई..."

सुकेशनीला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. देवानंदही हसला. मग तिनं एकेक तुकडा उचलून कानाशी धरला आणि बोटानं वाजवला. एक ढब्ब वाजला. दुसरा त्याहून जरा मोकळा. एक तुकडा हातात मावेल एवढा, एका अंगाला फुगीर. तो टण्णकन वाजला, दूर कुठे बैलाच्या गळ्यातली घाटी वाजावी तसा. तो तिनं बाजूला ठेवला.

"बरोबर घेतला," रामकिसन म्हणाला. त्यानं तिला चाकूला धार कशी लावायची ते दाखवलं, अंगठ्याला चिंधी गुंडाळून दिली आणि लाकडातल्या रेषा बोटानं दाखवल्या. "ह्या रेषेसंगं चालाचं. मांजरीले उलटा हात फिरवला तर फिस्सकन करते का नाई, तसंच याचं. अन् करायचं काय तुमाले?"

तिनं बोटांनी शिंगं केली, हरणाची.

"हरीण?" त्यानं कपाळाला हात लावला. "बाई, हरणाचे पाय काडीएवढे. ते तर मलेही साधत नाई. पयले पाय नसलेलं काई तरी करा."

परतीच्या वाटेवर, मोटारसायकलच्या मागं बसलेली असताना, तलाव आला. म्हशी होत्याच. सुकेशनीनं देवानंदच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की त्याला वाटलं चाक पंक्चर झालं. गाडी थांबवून दोघं बराच वेळ बांधावर उभी राहिली. म्हशी रवंथ करत होत्या. एकीच्या पाठीवर बगळा डोळे मिटून उभा होता. पाण्यात त्यांना पाय असतील नसतील, कुणाला दिसत होते?

त्यानंतर सुकेशनी रोज दुपारी ओट्यावर बसू लागली. आधी लाकडावर पेन्सिलीनं पाठीची रेघ काढली, मग कोपरे उतरवले. कुठं रेषेच्या उलट गेलं की लाकूड खरखरायचं. ती थांबायची, तुकडा फिरवायची, दुसऱ्या बाजूनं यायची. दुपारच्या त्या पेंगुळलेल्या वेळी चाकूचा बारीक आवाज तेवढा चालू असायचा. कधी तिला वाटायचं की आपण कोरत नाही, कुणाच्या तरी अंगावरचं पांघरूण हळूहळू बाजूला करतोय.

लिलाबाई सुरुवातीला कुरकुरली. "सारा ओटा कचऱ्यानं भरून टाकला." पण मग तीही शेजारी येऊन बसू लागली, तूर निवडायच्या निमित्तानं. दोघी एका घरात नांदत होत्या त्याला कितीतरी वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत "डबा भरला का", "गाडी किती वाजता", "गॅस संपला" याच्या पलीकडे बोलणं गेलं नव्हतं. सुकेशनी अंधारात निघायची, अंधारात यायची. आता समोर एक माणूस होतं, जे मध्ये बोलत नव्हतं आणि उठूनही जात नव्हतं.

"मी लहान होती तवा आमच्या घरी म्हैस होती," एका दुपारी लिलाबाई बोलू लागली. "तिच्या पाठीवर बसून मी तयात जात होती. मले पोहता येत नोतं. मायले माहीत असतं तर मारलं असतं. म्हैस पाण्यात गेली का अंग हलकं होऊन जाय वं. वाटे का आपण जमिनीवरचे नाईच."

सुकेशनीचा चाकू थांबला. पुढे सांगा, अशी तिनं मान हलवली. लिलाबाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी सांगितलं. शाळा सुटल्याचं, लग्न झाल्याचं, देवानंदच्या आधी झालेली एक मुलगी गेल्याचं. हे शेवटचं सुकेशनीला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. तिनं हात पुढे करून सासूचा हात धरला. तुरीचे दाणे सुपातून ओट्यावर घरंगळले. ते बराच वेळ कुणी वेचले नाहीत.

म्हैस जवळजवळ झाली होती. पाठ उतरली होती, नाकपुड्या पाण्यावर आल्या होत्या, एक शिंग मागे वळलं होतं. दुसरं शिंग बारीक करताना रेषा आडवी आली. सुकेशनीला ती दिसली, पण हात चालून गेला होता. कट्ट झालं. शिंग उडून अंगणात पडलं.

तिच्या तोंडून आवाज निघता निघता राहिला. तिनं म्हैस खाली ठेवली, गुडघ्यात डोकं घातलं आणि रडली. एवढ्या दिवसांचं, घशाचं, नोकरीचं, सगळंच त्या शिंगापाशी येऊन थांबलं होतं.

लिलाबाईनं म्हैस उचलली. उलटसुलट पाहिली. मग तळहाताला खोबरेल तेल लावून ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागली. साईच्या रंगाचं लाकूड तेलानं मधासारखं झालं आणि आतल्या रेषा पाण्यावरच्या लाटांसारख्या वर आल्या.

"शिंग तुटलं," ती म्हणाली. "म्हशीचं शिंग तुटतेच. म्हणून काय कोनी म्हैस टाकून देते?"

तिनं ती टीव्हीशेजारी फळीवर ठेवली, तथागतांच्या फोटोपासून थोड्या अंतरावर, आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. "बसली बरं पाण्यात," ती पुटपुटली.

महिना उलटल्यावर वाशिमच्या डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी विरघळत आल्या होत्या. ऑपरेशन नको, पण ओरडणं आता कायमचं बंद. डेपोतल्या साहेबांनी काही महिने आरक्षणाच्या खिडकीत बसायचं काम दिलं. दवाखान्याबाहेर देवानंद मोटारसायकलला टेकून उभा होता.

"बोल तं मंग काई," तो म्हणाला.

"काय बोलू?" सुकेशनी म्हणाली.

आवाज खाली उतरला होता, जाड आणि सावकाश. दोघांनीही चमकून एकमेकांकडे पाहिलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती शिवणीचा दुसरा तुकडा घेऊन ओट्यावर बसली. लिलाबाई बाहेर आली. हातात ना सूप, ना तूर. ती समोर टेकली आणि तिनं हात पुढे केला.

"मले दे बरं तो चाकू."

सुकेशनीनं तिच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि चाकू दिला. लिलाबाईनं लाकूड मांडीवर घेतलं, भाकरी थापायच्या आधी परातीकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं आणि पातं टेकवलं. उलट बाजूनं. सुकेशनी सांगायला गेली.

"शिकवू नोको," लिलाबाई म्हणाली. "मले पाहू दे."

लाकूड खरखरलं. लिलाबाई थांबली. तुकडा तिनं आपल्या आपण फिरवला आणि पुन्हा पातं लावलं. या वेळी एक लांब, पातळ ढलपी निघाली, उन्हात गोल गोल वळली, आणि सासू-सून दोघी ती पडेपर्यंत पाहत राहिल्या.