काळोखनाथांचा उजेडातला जप

तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाजवळच्या आमच्या गावात त्या सकाळी देवळाकडे कोणी फिरकलं नाही. सगळं गाव छगनच्या पोल्ट्रीपुढे उभं. महिनाभर तिथली धष्टपुष्ट ब्रॉयलर कोंबडी दाणे टिपता टिपता फडफडायची, पाय वर करून उताणी पडायची, की संपली. उरलेल्या लंगडायच्या. आता मात्र मरणं थांबलं होतं आणि खाद्याच्या पोत्यांवर मांडी ठोकून छगनने बोलावून आणलेले काळोखनाथ महाराज बसले होते. बायका कुंकू लावत होत्या. महाराजांना की कोंबड्यांना, ते गर्दीत कळत नव्हतं.

"रात्री तुम्ही दिवे मालवता, की मी कोंबडीच्या कानात मंत्र फुंकतो," महाराज गरजले. "कोंबडीचा कान तुम्हाला दिसतो का? मला दिसतो! आणि ही करणी कोणाची तेही दिसतं. कौसाबाई! डाकीण आहे ती. अमावास्येआधी तिला गावाबाहेर काढा, नाहीतर कोंबड्यांनंतर पोरं जातील."

कौसाबाई म्हणजे छगनची विधवा काकी. घर शेडला लागून. जास्त उजेडात कोंबडी जास्त खाते, असं छगनने कुठेतरी ऐकलं आणि रात्रभर पांढरे बल्ब पेटवले. उजेड असा, की तापीतले मासेही कूस बदलत असावेत. झोपेविना कावलेली म्हातारी एकदा कुंपणावरून ओरडली, "दिवा बंद कर रे छगन, नहीत मरतीन तुन्ह्या कोंबड्या!"

पुढे कोंबड्या मरू लागल्या. झाली डाकीण! तिच्या दारावर दगड पडले.

म्हातारी रडली नाही. बसने शहाद्याला गेली आणि जनावरांच्या डॉक्टर हुमा यांना घेऊन आली. हुमाबाईंनी शेड पाहिली, बल्ब पाहिले.

"महाराज, गुण कशाचा? अंधाराचा की मंत्राचा?"

"मंत्राचा! अंधार काय, कोणाच्याही घरात असतो."

"मग तो उजेडातही चालेल."

"चालेल की!" महाराज बोलून गेले आणि फसले. एवढ्या लोकांपुढे शब्द फिरवणार कसा?

शेडच्या मधोमध जाड ताडपत्री टांगली. एका बाजूला रोज काही तास अंधार, मंत्र नाही. दुसऱ्या बाजूला रात्रभर बल्ब आणि महाराजांचा अखंड जप. कौसाबाईने दाराबाहेर खाट टाकली. महाराज डोकावले की म्हणायची, "कोठे निंघनात महाराज? बठा. बाहेर डाकीन बठेल शे."

दोन दिवसांत उजेडातली कोंबडी पुन्हा उताणी पडू लागली. महाराजांचे डोळे टोमॅटोसारखे झाले आणि कोंबड्या एकमेकींना टोचता टोचता त्यांच्या दाढीलाही टोचू लागल्या. शेवटी ते सगळ्या गावापुढे किंचाळले, "दिवे मालवा रे! माणूस मरेल इथे!"

"मालवू. पहिले सांग, कोंबड्या कशा वाचाडल्यात?" कौसाबाईने खाटेवरून विचारलं.

"अंधारानं, माय, अंधारानं! पोल्ट्रीत कामाला होतो मी. तिथेच शिकलो!"

हुमाबाईंनी ताडपत्री सारली. पलीकडच्या कोंबड्या ठणठणीत.

"उजेड असेतोवर ही खातच राहते," त्या म्हणाल्या. "मांस झपाट्यानं वाढतं, हाडं आणि काळीज मागे पडतात. मग पाय वाकतात, नाहीतर काळीजच बंद पडतं. रोज काही तास अंधार दिला की ती झोपते आणि धड वाढते. नव्या पिल्लांना दाणा-पाणी सापडायला लख्ख उजेड लागतो. पुढे मंद पुरतो."

थोडक्यात, मंत्राचं काम भिंतीवरचं बटण करतं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला म्हातारी स्वतः शहाद्याच्या पोलिसांत गेली. "लिव्हा, काळोखनाथ. आन छगन बी."

छगनने पाय धरले. "काकी, घरनी गोट शे. घरमाच मिटाडी लेऊ."

"डाकीनले घर ऱ्हास का रे? लिव्हा हवालदारदादा."

तेव्हा मंडळी, कोंबडी मेली तर बल्ब पाहा, खाद्य पाहा, डॉक्टर बोलवा. शेजारच्या बाईकडे बोट दाखवू नका. महाराज गुण आलाच म्हणाले, तर मंत्र तेवढा ठेवून बाकीचं काढून घ्या आणि मग पाहा.

दगड मारणारे कोण, असं हवालदारांनी विचारलं तेव्हा कौसाबाई म्हणाली, "आठवी आठवी सांगसू." दर बाजाराला ती शहाद्याला जाऊन एक नाव देऊन येते. ज्यांची नावं अजून राहिलीत, ते तिच्या दारात दूध आणून ठेवतात, भाजी आणून ठेवतात. ती सगळं ठेवून घेते आणि पुढच्या बाजाराला पुढचं नाव देते.